पळणीची जागा

सांगलीच्या माणसाला पाण्याचं भय वेगळं शिकवावं लागत नाही. तरीही वैशालीचा फोन आला तेव्हा मी दोन दिवस टाळाटाळ केली. वैशाली माझी जुनी विद्यार्थिनी. दहावीला तिला भूगोलात भरभरून गुण दिले होते, त्याची शिक्षा म्हणून आता ती मला मालवणला बोलावत होती. तिथल्या एका लहानशा संस्थेत ती काम करते. समुद्र आत येतोय, त्याचं पुढे काय करायचं हे कुणी बाहेरच्याने न ठरवता किनाऱ्यावरच्या वाड्यांनीच एकत्र बसून ठरवावं, असा तिचा खटाटोप चालला आहे. "बाई, तुम्ही फक्त नकाशा काढून द्या," ती म्हणाली. निवृत्त शिक्षिकेला असं 'फक्त' म्हटलं की ती हमखास जाते. मीही गेले.

माघाचे दिवस होते. घाट उतरला तशी अंगावरची शाल मी पिशवीत टाकली आणि परत येईपर्यंत ती बाहेर काढली नाही.

बंदरवाडी

गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. आचऱ्याच्या उत्तरेला, कुणकेश्वराच्या अलीकडे, एवढं पुरे. गावाची एक रीत पुढे सांगणार आहे; ती वाचून कुणी मोबाईल उंचावून तिथे पोचू नये म्हणून ही काळजी.

गाव तसं आत आहे, भातखाचरांच्या पलीकडे. बंदरवाडी मात्र अगदी वाळूवर. पुढे समुद्र, मागे छोटी खाडी, आणि मधल्या पट्टीवर अकरा घरं. सगळी मासेमारांची, जांभ्या दगडाची, कौलारू. किनाऱ्याच्या सुरूच्या झाडांपैकी निम्मी मुळं वर करून पडली होती आणि त्यांवर जाळी वाळत घातली होती.

पहिलं घर रुक्मिणीबायचं. वय साठीच्या पुढे, अंगाने काटक, डोक्यावर माशांची पाटी घेऊन आयुष्यभर गावोगाव फिरलेली. नवरा वारला, मुलगा दूरच्या बोटीवर असतो. तिच्या घरापुढे अंगण म्हणून जे होतं ते चार पावलांत संपलं आणि पुढे एकदम खाली वाळू. अंगणाची कड मोडलेल्या भाकरीसारखी दिसत होती. तुळशीवृंदावन पार पडवीला टेकलेलं पाहून मी विचारलं, तुळस इतकी घराजवळ का?

"हिका तीनदा मागे सरकवलंय," ती म्हणाली. "आता मागे चूल."

वैशालीने मला सगळं समजावून सांगितलं. शेजारच्या किनाऱ्यावर बंगले आहेत, पर्यटकांच्या राहण्या-जेवणाची घरं आहेत. त्यांच्यापुढे काळ्या दगडांचा बंधारा झाला. तिथली जमीन वाचली, पण तिथे आपटणारं पाणी इकडे वळलं. वादळंही आता पूर्वीसारखी चुकूनमाकून येत नाहीत, वरचेवर येतात. ज्यांनी समुद्राचं काही वाकडं केलं नाही त्यांच्याच अंगणात तो आधी आला. मग तुम्हीही बंधारा का मागत नाही, असं मी शहाणपणाने विचारलं. वैशाली म्हणाली, उद्या सकाळी लवकर उठा, मग कळेल.

रात्री रुक्मिणीबायकडेच जेवले. बांगड्याचं तिखलं, उकड्या तांदळाचा भात, सोलकढी. तिखल्यातलं तिरफळ काढून ठेवायचं असतं हे मला कुणी सांगितलं नाही. मी ते मिरं समजून नीट चावून खाल्लं. पाच मिनिटं जीभ आहे की नाही ते कळेना. रुक्मिणीबाय पदर तोंडाला लावून हसत होती. आमच्याकडे पाहुण्याला खड्याबद्दल आधी सावध करतात, असं मी बोबड्या जिभेने सांगितलं. ते तिला आणखीच आवडलं.

रापण

सकाळी वाळूवर रापण लागली होती. होडी लांबलचक जाळं समुद्रात अर्धगोल टाकून येते आणि जाळ्याची दोन्ही टोकं किनाऱ्यावरून दोरीने ओढतात, हे मला पुस्तकातून माहीत होतं. पुस्तकात तळहात सोलत नाहीत एवढाच फरक. अकराही घरांतली माणसं दोन रांगांत उभी होती. दोरी ओढत मागे मागे जायचं आणि मागे पोचलं की पुन्हा पुढे येऊन पाण्यापाशी दोरी धरायची. मागे सरकायला भरपूर वाळू लागते. बंधाऱ्यापुढे वाळू उरत नाही, दगडच उरतात. बंधारा मागितला तर घरं राहतील आणि रापण जाईल. माझ्या शहाणपणाला उत्तर मिळालं.

मीही अर्धा तास ओढलं. ओढलं म्हणजे दोरीला लटकले. मासळी थोडीच होती, बांगडा कमी आणि जेलीफिश फार. तरी वाटे घालताना एक वाटा माझ्यापुढे आला. मी नको नको म्हणू लागले तर वाटे घालणाऱ्या म्हाताऱ्याने वरसुद्धा पाहिलं नाही. दोरीला हात लावला त्याला वाटा, मग तो हात कसला का असेना. एक बाई तान्ह्या लेकराला घेऊन एका हाताने ओढत होती, तिचाही पुरा वाटा. आमच्या सोसायटीत पाण्याच्या टाकीवरून तीन वर्षं बैठका चालल्या आहेत, ते मला तेव्हा आठवलं.

दुपारभर मी नकाशा काढत बसले. किनाऱ्याची रेषा, घरं, विहीर, खाडी, होड्या ओढून ठेवायची जागा. वैशालीकडे तिच्या संस्थेने भरून घेतलेले कागदही होते. त्यात एक प्रश्न होता : घर सोडावं लागलं तर तुमच्याकडे दुसरी जागा आहे का? अकराही घरांनी उत्तर दिलं होतं, नाही. मीही नकाशावर तेवढंच दाखवलं, आणि नकाशा छान झाला असं मला वाटलं.

पाटा

तिसऱ्या दिवशी रुक्मिणीबायला वाटण करायला मदत करू म्हणून बसले. तिचा पाटा मधोमध तडकलेला, वाटण फटीत जात होतं. एवढं रोजचं वाटण आणि असला पाटा कसा चालतो, म्हणून मी विचारलं.

"बरो पाटो सड्यार आसा," ती म्हणाली. "पळणीच्या जाग्यार. जड आसा. परत कोण हाडतलो?"

मग हळूहळू सगळं निघालं. या गावात दर काही वर्षांनी गावपळण असते. ग्रामदेवतेचा कौल मिळाला की ठरल्या दिवशी अख्खं गाव घरं सोडून वेशीबाहेर जातं. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, अंथरुणाला खिळलेली म्हातारी माणसंसुद्धा. तीन दिवस, तीन रात्री गावात कुणी राहायचं नाही. बाहेर झोपड्या घालून राहायचं, मग देवाने पुन्हा कौल दिला की परतायचं. हे मी ऐकून होते. मला माहीत नव्हतं ते हे, की कोण कुठे झोपडी घालणार हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं असतं. बंदरवाडीची अकरा घरं वरच्या सड्यावर, शेजारच्या गावच्या एका शेतकऱ्याच्या जमिनीत जातात. प्रत्येकाच्या चुलीची जागा ठरलेली. रुक्मिणीबायच्या सासूची चूल होती तिथेच तिची.

माझ्या हातातला नारळ तसाच राहिला. मग कागदावर दुसरी जागा नाही असं का सांगितलं?

तिला प्रश्नच विचित्र वाटला. "तेनी इचारल्यानी, तुमची दुसरी जागा आसा काय. ती आमची खंय? ती पळणीची."

वैशालीला सांगितलं तर ती कपाळाला हात लावून पडवीतच बसली. दोन वर्षं ती या वाडीत येते आहे. अकरा घरांपैकी एकालाही ती जागा सांगावीशी वाटली नाही, कारण ती मुळी जागा या हिशेबात धरलेलीच नव्हती.

सडा

दुपार कलल्यावर आम्ही तिघी वर गेलो. सडा म्हणजे जांभ्याचं उघडं पठार. कातळ, वाळलेलं गवत, आणि जिथे थोडी माती आहे तिथे काजूची बाग. बाग मोहरली होती, मधमाश्यांचा आवाज दुरून येत होता. झाडं ओळीत लावलेली, पण मधेच एक लांबट पट्टा मोकळा. त्यात तीन-तीन काळपटलेल्या दगडांच्या चुली, एकेक करून अकरा. एकीजवळ पालथा घातलेला पाटा. वर माती-पाचोळा साचू नये म्हणून तो कुणीतरी झावळीने झाकून ठेवला होता.

झाकून ठेवणारे आबा तिथेच भेटले. वय सत्तरीचं, अंगात बंडी, हातात कोयता. बाग त्यांची. हा पट्टा मोकळा का ठेवलात विचारलं, तर म्हणाले, पळणीची माणसं येतात ना. मधली दोन-चार वर्षं कुणी येत नाही, तरी? तरी. त्यांच्या वडिलांनीही तिथे कधी झाड लावलं नव्हतं. बाकी बाग मात्र आबांनी स्वतः कातळात खड्डे पाडून, डोक्यावरून पाणी आणून वाढवली होती. त्यांच्या बायकोने गूळ आणि पाणी आणून दिलं आणि आमच्याकडे जरा संशयानेच पाहिलं.

इथे माझ्यातली मास्तरीण जागी झाली. मी आबांना तिथल्या तिथे सांगून टाकलं, की समुद्र घर घेतो आहे, ही जागा रिकामी आहे, तेव्हा ही यांना कायमची द्याल का? वैशालीने माझा हात दाबला, पण तोवर मी बोलून चुकले होते. रुक्मिणीबाय मान खाली घालून उभी राहिली. आबांनी माझ्याकडे पाहिलंच नाही.

"गो रुक्मिणी," ते म्हणाले, "ह्या तू बोलतंस, की ह्या बाई बोलतत?"

रुक्मिणीबायने पाट्यावरची झावळ सारखी केली.

"मी बोलतंय, आबा."

आबांनी मान हलवली आणि उद्या वेशीवरच्या देवळात येतो म्हणाले. उतरताना रुक्मिणीबाय झपाझप पुढे चालत राहिली. मी माफी मागितली तेव्हा ती म्हणाली, विचारायचं होतंच, पण तोंडातून काढायला दोन वर्षं लागली असती. ही माफी मिळाली की नाही ते मला अजून उमगलेलं नाही.

वेशीवरचं देऊळ

दुसऱ्या दिवशी देवळापुढे चाळीसेक माणसं जमली. बंदरवाडीची, गावातली शेतकरी मंडळी, आणि आबांच्या गावचे चार-पाच जण. आधी एका वृद्धाने गाऱ्हाणं घातलं. देवाला मोठ्याने सगळी हकिगत सांगायची आणि प्रत्येक वाक्याला जमलेल्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. माझ्या वर्गाने इतक्या एका सुरात मला कधीच हो म्हटलं नाही. पण गाऱ्हाणं संपल्यावर तो एक सूरही संपला. एकाने आक्षेप घेतला की पळण ही परत येण्यासाठी असते. तिथेच राहिलं तर देवाला काय वाटेल? वृद्ध म्हणाले, देवाला कौल लावून विचारता येईल, आधी माणसांचं ठरू दे.

आबा उभे राहिले. ते शांतपणे, एकेक शब्द जोखून बोलले. तीन दिवसांची झोपडी वेगळी आणि घर वेगळं. त्या पट्ट्यात घरं म्हटली तर तीनच बसतात. तीन घरांना ते जागा देतील, रीतसर कागद करून देतील. पहिलं रुक्मिणीचं, कारण तिचं घर आधी जाणार.

मला भरून आलं. एवढं मोठं मन मी फार कमी पाहिलं आहे. वैशाली वहीत लिहायलाही लागली होती.

"माका नको," रुक्मिणीबाय म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले. ती बसल्या जागेवरून, जमिनीकडे बघत बोलत होती. "आबांचो मान मोठो. पण तीन घरां वर आणि आठ खाली, मगे रापण कोण ओढतलो? तीन घरांनी ओढूक येता? जातलंव तर अकरा. नायतर मी हयच."

आबांचा चेहरा पडला. ते उपकार मिरवायला आले नव्हते, पण इतकं देऊन नकार ऐकायलाही आले नव्हते. "भटाक दिली ओसरी," एवढंच पुटपुटले, पुढचं सगळ्यांना ठाऊकच होतं. चपला घालून ते निघून गेले. मागे राहिलेल्यांत बाचाबाची झाली. बंदरवाडीतल्याच दोघा-तिघांना रुक्मिणीबायचा राग आला. तीन तरी वाचत होती, हिने तीही घालवली, असं ते उघड म्हणाले. वैशालीचा एकत्र बसून ठरवण्याचा खटाटोप माझ्या डोळ्यांदेखत मोडला.

संध्याकाळी मी रुक्मिणीबायच्या पायरीवर बसले. भरती होती. प्रत्येक लाटेबरोबर अंगणाच्या कडेची थोडी वाळू सुटत होती, घसरताना ऐकू येत होती. मी तिला समजावलं. म्हटलं, आज जागा घे, तू वर गेलीस की बाकीच्यांसाठीही हळूहळू काहीतरी होईल. आधी स्वतःचा जीव वाचवावा, मग दुसऱ्याचा. मला हे अगदी बरोबर वाटत होतं.

तिने विचारलं, "बाई, तुमच्याकडे पूर इलो तेवा तुमी कोणाक घेवन भायर पडलात?"

मी आठवलं. नवरा, कागदपत्रांची पिशवी आणि मांजर. शेजारच्या घरात वरच्या मजल्यावर एक म्हातारी एकटी राहते. कृष्णेचं पाणी दारात आलं तेव्हा मी तिला हाक मारली नाही. तिला दुसऱ्या दिवशी बोटीने काढलं. आजही आम्ही एकमेकींना हळदीकुंकवाला बोलावतो, आणि तिने मला कधी काही विचारलेलं नाही. हे मी रुक्मिणीबायला सांगितलं नाही. मला लाज वाटली. कुणी पाहिलं नाही असं मानून इतकी वर्षं मी ती गोष्ट बाजूला ठेवली होती, ती त्या पायरीवर समोर येऊन बसली.

पुन्हा सडा

दोन दिवस काहीच झालं नाही. मी नकाशा नव्याने काढला. या वेळी त्यात सडा घेतला, अकरा चुली घेतल्या, आणि वाडीतून सड्यावर जाणारी पायवाटही. निघायच्या दिवशी सकाळी पट्ट्याची मापं तेवढी राहिली होती, म्हणून वैशाली आणि मी वर जायला निघालो. रुक्मिणीबाय पाट्यासाठी आमच्याबरोबर आली. एवीतेवी जायचं नाही तर पाटा तरी खाली आणते, म्हणाली.

पुढचं वाचून सगळं जमून गेलं अशी वाचणाऱ्याची फसगत नको, म्हणून आधीच सांगून टाकते. शेतजमिनीत घरं बांधणं म्हणजे उठलं आणि केलं असं नसतं. तालुक्याच्या कचेरीत वैशालीच्या खेपा अजून चालू आहेत. मी परतल्यावर देवाचा कौल लागला, सरकारचा बाकी आहे. बंदरवाडी हे लिहिते आहे तोवर तरी वाळूवरच आहे. वर राहायला गेल्यावर पहाटे रापणीला खाली उतरायचं तर गुडघे साथ देतील का, याची चिंता म्हाताऱ्यांना आहेच.

चढण संपत आली तेव्हा कुऱ्हाडीचे घाव ऐकू आले. मला वाटलं, कुणी लाकूडफाटा तोडत असेल. बागेत शिरलो आणि वैशाली थबकली. पट्ट्याच्या दोन्ही अंगांची काजूची झाडं आडवी पडली होती, चांगली भरदार, अंगभर मोहर असलेली. मधमाश्या अजून त्या पडलेल्या मोहरावर फिरत होत्या. आबा घामाने निथळत पुढच्या झाडाच्या बुंध्याशी उभे होते. घराच्या पायरीवर त्यांची बायको आमच्याकडे पाठ करून बसली होती. अकरा घरांना पुरेल एवढं मोकळं करायचं तर किती झाडं जातील, ते बुंध्यांना लावलेल्या चुन्याच्या खुणांवरून दिसत होतं. बागेचा निम्मा भाग.

रुक्मिणीबाय पडलेल्या एका झाडापाशी गेली. मोहराचा एक घोस तिने हातात घेतला. मला वाटलं ती रडेल. ती आबांवर रागावली.

"बोंडां तरी उतरू देवची होती," ती म्हणाली. "दोन म्हयने थांबला असतात तर काय झाला असता?"

आबांनी कुऱ्हाड जमिनीला टेकवली आणि बंडीच्या टोकाने तोंड पुसलं.

"तू दर्याक सांगून इलंस काय," ते म्हणाले, "थांब म्हणान?"

हातातला मोहर तिने हळूच खाली ठेवला, पदर कमरेला खोचला आणि फांद्या ओढून बाजूला करायला लागली. वैशालीने वही पिशवीत टाकली. आम्ही तिघी ओढत राहिलो. थोड्या वेळाने आबांची बायको पायरीवरून उठली, घरातून आणखी एक कोयता घेऊन आली, आणि कुणाकडेही न बघता तिने फांद्या तोडायला सुरुवात केली.